खेमा कुंभाराचा खणखणीत वाफा

फार जुन्या काळची, एका वैशाख शुद्ध षष्ठीची गोष्ट. साल कुणालाच आठवत नाही. पण त्या दिवशी ऊन कडक होतं, वारा पडलेला होता, आणि दुपारी पश्चिमेला आलेला एकुलता एक ढग न बरसताच निघून गेला, हे मात्र सगळ्यांना आठवतं.

नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. अलीकडे कुंभारांचं, पलीकडे माळ्यांचं. पलीकडची जमीन भुसभुशीत, वाळूमिसळ. काठी टोचून ठेवली तरी पालवी फुटावी अशी. अलीकडची जमीन नुसती चिकण. पावसाळ्यात तिच्यात पाय घातला तर पाय बाहेर येई, वहाण आत राही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की कोंबडीची पिल्लं आत घसरत आणि कोंबडी भेगेच्या तोंडाशी बसून साऱ्या गावाला शिव्या देई.

पण माठासाठी तशी माती उभ्या राज्यात नव्हती. कुंभार माठ देत, माळी भाजी देत, आणि दोन्ही गावांचं बरं चाललं होतं.

कुंभारांच्या गावात खेमा सगळ्यांत कसबी. त्याच्या मातीत कधी काडी सापडली नाही, खडा सापडला नाही. तो माती चाळी, भिजवी, निवडी आणि मग पायांनी तुडवी. मातीत कुठे पोकळी राहिली की आव्यात, म्हणजे भाजायच्या भट्टीत, माठ फुटतो, हे त्याला वडिलांनी शिकवलेलं. म्हणून तो इतका तुडवी की मातीत मुंगीलासुद्धा श्वास घ्यायला जागा उरू नये. पायांना त्याची इतकी सवय झाली होती की मांडी घालून जेवायला बसला तरी त्याचे अंगठे हलत राहत.

घरात बायको सगुणी, मुलगी तानी, आणि परसात एक गाढव. गाढवाचं नाव मुकादम. कारण दिवसातला बराच वेळ तो उभा राहून दुसऱ्यांची कामं बघे. त्या काळी गाढवं बोलत असत. ऐकणारे मात्र तेव्हाही कमीच होते.

तर त्या षष्ठीला तानीची सुपारी फुटली. मुलगा पलीकडच्या रायाजी माळ्याचा, नाव केरबा. दोघांनी एकमेकांना बाजारात पाहिलं होतं आणि पसंतही केलं होतं, म्हणून मोठ्यांना फारसं काम उरलं नव्हतं. बोलणी झाली, जेवणं झाली, पानं आली. सारं गोडीत उरकलं असतं. पण रायाजीला जेवणानंतर थट्टा करायची खोड होती.

"व्याहीबुवा," तो सुपारी कातरत म्हणाला, "तुमच्या गावात सगळं चांगलं. फक्त इथं पिकलेली भाजी खायची तर दात दगडाचे लागतील."

पाहुणे हसले. सगुणीही पदराआड हसली. खेमा हसला नाही.

"पाव्हणं," तो म्हणाला, "तानीच्या लग्नाच्या पंगतीला वांग्याची भाजी होईल, आणि ती वांगी माझ्या परसातली असतील. नसतील तर लग्न पुढं ढकलायचं. हा माझा शब्द."

बैठकीतला हशा थांबला. आत चुलीपाशी तानीच्या हातातली पळी थांबली.

पाहुणे गेल्यावर सगुणी म्हणाली, "अहो, जन्मात कधी मिरचीचं रोप तरी लावलंय का तुम्ही?"

"मातीच ना?" खेमा म्हणाला. "मातीला मी नाही ओळखत तर कोण ओळखतो?"

दुसऱ्या दिवसापासून खेमानं परसातली जमीन खणायला घेतली. आणि मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, त्यानं जे केलं ते मन लावून केलं, हे विसरू नका. त्यानं माती चाळली. गवताच्या मुळ्या वेचल्या. पालापाचोळा काढला. एक गांडूळ सापडलं, ते चिमटीत धरून कुंपणापलीकडे टाकलं. मग मृगाच्या सरी आल्यावर त्या ओल्या मातीत उतरून तो तिला तुडवू लागला. शेवटी थापी आणून त्यानं वाफा वरून थापटला आणि ओल्या फडक्यानं पुसून गुळगुळीत केला. त्यात रायाजीकडून आणलेली वांग्याची रोपं लावली.

वाफा इतका देखणा झाला की सारा गाव बघायला आला. एक म्हातारा कुंभार तर म्हणाला, "खेमा, याला कान लाव आणि विकून टाक."

आषाढात पाणी वाफ्यावर तळ्यासारखं उभं राहिलं. भादव्यात उघडीप झाली, ऊन पडलं, आणि वाफा वाळला. असा वाळला की टिचकी मारली तर खणखण वाजे. लोक माठ पारखावा तसे वाकून टिचक्या मारत आणि मान डोलवत. आवाजात खोट नव्हती. रोपं मात्र गळ्याशी आवळल्यासारखी पिवळी पडली आणि एकेक करून माना टाकून मेली.

तानीनं ती उपटून परसामागच्या खड्ड्यात फेकली.

तो खड्डा म्हणजे जुनी मातीची खाण. तिच्या काठाला मुकादमचा खुंटा होता. मुकादमचं तोंड घराकडे असे आणि पाठ खड्ड्याकडे. त्यामुळे पाठीकडून जे पडायचं ते खड्ड्याच्या काठाशी पडे, आणि सगुणी रोज नाकाला पदर लावून, तोंड फिरवून ते झाडून आत लोटी. तिथंच आव्याची राख जाई, झाडाचा पालापाचोळा जाई, आणि खेमानं काडीकचरा लागला म्हणून नाकारलेली मातीही जाई. 'बिघडलेली माती' असं खेमा तिला म्हणे आणि तिच्याकडे बघतही नसे. वासामुळे तिथं कुणी पाय ठेवत नसे.

त्या माघात लग्न झालं नाही.

केरबा मात्र दर आठवड्याला नदी ओलांडून येई. सरळ भेटायला येणं बरं दिसत नाही, म्हणून माठ घ्यायला येई. तानी माठ निवडून देई. निवडायला तिला वेळ लागे. असं होता होता रायाजीच्या घरात इतकी मडकी झाली की त्याच्या बायकोला चुलीपर्यंत जायचं तर आडवं चालावं लागे.

शेवटी रायाजीलाच दया आली. तो चैत्रात आला आणि म्हणाला, "व्याहीबुवा, थट्टा जाऊ द्या. आमच्याकडे का पिकतं? वाळू आहे म्हणून. तुम्हीही वाळू घाला."

सल्ला खरा वाटला. खेमानं मुकादमच्या पाठीवर गोणी टाकली आणि नदीवरून वाळू आणायला सुरुवात केली.

"मालक," मुकादम म्हणाला, "ही वाळू जड आहे."

"वाळू जडच असते."

"मालक, हे तुम्ही वाहत असता तर तुम्हाला आधीच दुसरी युक्ती सुचली असती."

खेमानं ऐकलं नाही. वाळू आली. ती किती घालायची हे रायाजीला ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या जमिनीत ती देवानंच घातली होती. खेमानं आपल्या अंदाजानं घातली आणि ती मातीत नीट एकजीव व्हावी म्हणून, काय करणार बिचारा, पुन्हा तुडवली.

चिकण मातीत थोडी वाळू घालून तुडवली आणि उन्हात ठेवली की काय होतं, हे कुंभाराला सांगायची गरज नाही. पण खेमा त्या वेळी बागाईतदार झाला होता, म्हणून त्याला आठवलं नाही. वाफ्याची वीट झाली. आश्विनात कुदळ मारली तर कुदळीचा दांडा मोडला. या खेपेला टिचकी मारायला आलेल्या म्हाताऱ्याचं नख दुखावलं.

वाफ्यात लावलेली रोपं तर श्रावणातच माना टाकून पुन्हा खड्ड्यात गेली होती. काही अजून पुरती मेली नव्हती; तीही गेली.

खेमाला वाया घालवणं आवडत नसे. त्यानं वाफ्याचा पाटाएवढा एक तुकडा फोडून काढला, सरळ कापला आणि पुढच्या आव्यात भाजला. लादी सुरेख निघाली. ती त्यानं दारात पाय धुवायला टाकली. "वाफा नाही तर नाही, लादी तर झाली," तो म्हणाला.  सगुणीनं त्या लादीवर इतक्या जोरानं पाय आपटून धुतले की घरातल्यांना तिचं मत कळलं.

दिवाळी झाल्यावर केरबाची आई स्वतः आली. ती ओसरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"विहीणबाई," ती सगुणीला म्हणाली, "मुलगी मला पोटच्या पोरीसारखी. पण माझ्या घरात आता माणसांना जागा नाही, मडक्यांनाच आहे. या माघात नाही तर नाही, पुढच्या माघात अक्षता पडल्या तर बरं. नाही पडल्या तर आम्ही दुसरीकडे बघू. पोरगं म्हातारं करून नाही चालणार."

ती गेली.  तानी परसात जाऊन मुकादमच्या मानेवर डोकं टेकून रडू लागली.

मुकादमला रडणं आवडत नसे, कारण मान ओली होई. तो म्हणाला, "पोरी, रड, पण जरा बाजूला सरक. मला मागं बघायचंय. सकाळपासून माझ्या शेपटीला काहीतरी काटेरी लागतंय."

तानीनं डोळे पुसून मागं पाहिलं.

खड्ड्यात वांग्याची झाडं उभी होती. कंबरेइतकी उंच, पानं हाताच्या पंजाहून मोठी. आणि पानांखाली जांभळी, तुकतुकीत, काटेरी देठांची वांगी लटकत होती.

"आबा!" तानी ओरडली.

खेमा आला, सगुणी आली. खेमानं वांगं हातात घेतलं, उलटसुलट केलं, जणू कुठल्या कुंभारानं केलंय ते शोधत होता.

"झालं की मग!" सगुणी म्हणाली. "परस आपलंच, वांगी आपलीच."

"ही पंगतीला पुरायची नाहीत," खेमा म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आणि ही तर बिघडलेल्या मातीतली."

"आबा, बिघडलेल्या मातीत हात तर घाला."

खेमानं नाक मुरडून हात घातला. कोपरापर्यंत हात आत गेला. जन्मभर मातीत हात घालणाऱ्या त्या माणसाला हे नवीन होतं. त्यानं मूठभर माती वर काढली. माती तीच होती, त्याच खाणीतली. पण हातात ती रव्याच्या लाडवासारखी फुटली. तिच्यात काड्या होत्या, राख होती, जुनी काळी पडलेली लीद होती, भोकं होती. एका भोकातून एक गांडूळ बाहेर आलं आणि खेमाकडे बघून पुन्हा आत गेलं. त्याला बहुधा ओळख पटली असावी.

"हिच्यात सगळी पोकळीच आहे," खेमा हताश होऊन म्हणाला. "हिचा माठ आव्यात ठो करून फुटेल."

"मालक," मुकादम म्हणाला, "मी एकदा तुमच्या वाफ्यावर निजलो होतो. अजून बरगड्या दुखतात. इथं खड्ड्याच्या काठाला निजलो की डोळा लागतो. मला शेतीतलं कळत नाही. पण माझ्यासारख्या गाढवाची जिथं कूस वळते, तिथं मुळाचीही वळत असेल."

खेमा बराच वेळ मूठ उघडत-मिटत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी जे जे काढून टाकलं, ते ते परत घालायचं."

"आणि जे जे केलं, ते ते करायचं नाही," सगुणी म्हणाली.

पहिली गोष्ट सोपी होती. मार्गशीर्षात खेमानं परसाची दुसरी बाजू, जिथं वाळू पडली नव्हती, ती खणली. कधी खणायचं हे त्याला बरोबर कळलं, कारण मातीची ओल त्याच्या बोटांना ठाऊक होती: मूठ वळली तर गोळा व्हावा आणि बोटानं ढोसलं तर सुटावा. मोठी मोठी ढेकळं तशीच उन्हात तापत ठेवली. फाल्गुनात पानगळ झाली तेव्हा तानीनं गावभरचा पाचोळा गोळा केला. खड्ड्यातली जुनी कुजलेली लीद वर आली. थोडी राख आली. ज्या माणसानं आयुष्यभर मातीतून काड्या वेचल्या, तो आता मातीत काड्या पेरत होता. शेजारी बघून म्हणत, "खेमाला लग्नाची काळजी लागली. डोक्यावर परिणाम झाला."

दुसरी गोष्ट अवघड होती. ज्येष्ठात पहिल्या सरी पडल्या, तापलेली ढेकळं विरघळून चुरमुऱ्यासारखी मोकळी झाली, आणि ओल्या मातीचा वास घरात आला. खेमाचे अंगठे हलू लागले.

सगुणी स्वयंपाकघरात होती. तिनं बाहेर येऊन पाहिलं तर खेमा वाफ्याच्या कडेला उभा, डोळे मिटलेले, आणि एक पाय आपोआप वर उचललेला.

"खाली ठेवू नका!" ती ओरडली.

"मी कुठं काय करतोय?"

"पाय खाली ठेवाल तर तानी जन्मभर या घरात बसेल!"

त्या दिवशी तिनं वाफ्यांच्या मधून फळ्या टाकल्या आणि सांगितलं, चालायचं ते फळीवरून. शिवाय मुकादमच्या गळ्यातली घंटी सोडून खेमाच्या डाव्या पायाला बांधली. वाफ्याकडे घंटी वाजली की ती आतून ओरडे, "अहो!" आणि घंटी थांबे.

मुकादमनं हे सारं शांतपणे पाहिलं. "मालक," तो म्हणाला, "आता आपण भाऊ भाऊ."

गावातले इतर कुंभारही यायचे. नुसतं बघायला आलो म्हणत, पण कुंभाराचा पाय तो कुंभाराचाच. वाफ्याशी पोचला की त्याचेही अंगठे हलू लागत. म्हातारा तर एकदा बोलता बोलता कडेची माती घोट्यापर्यंत तुडवून मोकळा झाला आणि त्याला कळलंसुद्धा नाही. तानीनं त्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी चारही बाजूंनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

"पोरी, काकाला काटे?" म्हातारा म्हणाला.

"काका, तुम्हाला नाही. तुमच्या पायांना," तानी म्हणाली.

श्रावणात रोपं लावली. आषाढाचं पाणी या वाफ्यावर उभं राहिलं नव्हतं, आणि भादव्याच्या उन्हात वाफा वाजला नाही. त्याला भेगा पडल्या त्या केसासारख्या. पाचोळ्याखाली ओल टिकून राहिली. खेमा रोज सकाळी फळीवर उकिडवा बसून, घंटीचा पाय हातानं घट्ट धरून, रोपांकडे बघे. काही न करणं हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत जड काम होतं. एकदा तर तो सगुणीला म्हणाला, "नुसतं वरून थोडं थापटू का? दिसायला बरं दिसेल."

"मी तुम्हाला थापटते," सगुणी म्हणाली.

कार्तिकात फुलं आली. मार्गशीर्षात वांगी धरली. पौषात झाडं वाकली. केरबानं त्या महिन्यात एकही माठ नेला नाही. तो वांगी मोजायला येई, आणि मोजायला त्याला वेळ लागे.

मुलांनो, खेमाची माती पहिल्यापासून चांगली होती आणि खेमाचे हातही पहिल्यापासून चांगले होते. चुकलं ते एवढंच, की माठाला जे मरण, तेच मुळांना जीवन, याचा विचार त्याला कुणी करायला लावला नव्हता. म्हणून ध्यानात ठेवा: एका कामातली सफाई दुसऱ्या कामात सत्यानाश करते; तेव्हा हात घालण्याआधी माती कशासाठी हवी आहे ते विचारावं.

तानीचं लग्न माघ शुद्ध दशमीला लागलं. हवा थंड आणि कोरडी, आभाळ निरभ्र, वारा उत्तरेचा. केरबाचे पाय वाळूच्या वाफ्यातून निघालेल्या त्या लादीवर धुतले. पंगतीला वांग्याची भाजी झाली. ती सगळ्यांना पुरली. रायाजीनं तीनदा मागून घेतली. जेवणानंतर तो काहीही बोलला नाही. सगुणीनं खेमाच्या पायातली घंटी सोडून पुन्हा मुकादमच्या गळ्यात बांधली. साऱ्या वऱ्हाडानं पाय धुतले, तरी दारातल्या लादीला तडा गेला नाही.